स्पॅनिशमधलं झोपणं : दोर्मीर, दोर्मीर्से, आकोस्तार्से... कुठं काय वापरायचं?

पवनचक्कीवाला_सातारा · रात्री ८:४७

नमस्कार मंडळी, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं पदरात घ्या. मी साताऱ्याचा, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मेन्टेनन्सला असतो. आमच्या कामात स्पेनचे एक इंजिनिअर आहेत, वर्षातनं एकदोनदा इकडं येतात, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. माणूस एकदम साधा, झुणका-भाकरी मिटक्या मारत खातो, म्हणून म्हटलं आपणपण त्यांची भाषा शिकावी. सहा महिने झाले ऑनलाइन क्लास लावून, ए-टू म्हणजे दुसरी पायरी चालू आहे, जमलं तर पुढं डेले, म्हणजे स्पॅनिशच्या अधिकृत सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची.

तर झालं असं की परवा वर धुकं आणि पाऊस इतका की गाडी खाली आणायची सोयच नव्हती, मग मी आणि अजून तिघं तिथल्याच खोलीत राहिलो. सकाळी साहेबांचा ग्रुपवर मेसेज, "आस दोर्मीदो बिएन?" म्हणजे नीट झोपलास का. मी मोठ्या हौसेनं टाकलं, "आनोचे मे आकोस्ते कोन त्रेस कोम्पान्येरोस आ लास ओन्से." माझ्या हिशोबानं, काल रात्री अकराला तीन सहकाऱ्यांबरोबर झोपलो. पाच मिनिटं सगळं गार. मग तिकडच्या लोकांच्या हसण्याच्या इमोजींचा जो पाऊस सुरू झाला तो पठारावरच्या पावसाला भारी. साहेबांनी शेवटी एकच शब्द लिहिला, "काम्पेओन". काम्पेओन म्हणजे चॅम्पियन एवढं मला कळतं, पण कशाचा चॅम्पियन ते कुणी सांगंना.

क्लासमध्ये तक्ता दिलाय, दोर्मीर म्हणजे स्लीप, दोर्मीर्से म्हणजे फॉल अस्लीप, आकोस्तार्से म्हणजे गो टू बेड. पाठ आहे सगळं, पण बोलायची वेळ आली की तिन्ही एकमेकांत घुसतात. त्यात सुएन्यो म्हणजे झोप का स्वप्न तेपण एकदा सांगून टाका. आणि मी नक्की काय बोललो ते पण सांगा, मन घट्ट केलंय.

कृष्णाकाठ_सांगली · रात्री ९:०५

अरे भावा, हसून हसून पोट दुखलं. आकोस्तार्से एकट्यानं केलं तर ते अंथरुणावर जाणं, पण त्याला 'कोन' लावून माणूस जोडला की त्याचा अर्थ तो होतो. तो म्हणजे तोच. तू तीन सहकाऱ्यांबरोबर, रात्री अकरा वाजता, वेळेसकट कबुली दिलीस. काम्पेओन म्हणाले त्यात त्यांची काय चूक.

तिथं म्हणायचं होतं "कोम्पार्ती आबितासिओन कोन त्रेस कोम्पान्येरोस", खोली तिघांबरोबर वाटून घेतली. विषय संपला. दोर्मीर कोनसुद्धा मोठ्या माणसांबाबत जपूनच वापर, लहान पोरगं आईजवळ झोपतं तिथं चालतंय.

आता मूळ प्रश्न. मी पुण्यात चार वर्षं स्पॅनिश शिकलो आणि पहिली दोन वर्षं ह्याच तक्त्यानं माझं वाटोळं केलं. मराठीतनं डोक्यात आलेलं आधी इंग्रजीत न्यायचं आणि मग तिथनं स्पॅनिशमध्ये, हा सांगलीहून मिरजेला जाताना इस्लामपूरला वळसा घालण्यातला प्रकार आहे. मराठीला हे तिन्ही फरक जन्मजात माहीत आहेत. बघ.

दोर्मीर म्हणजे झोपणे, आठ तास झोपलो, "दोर्मी ओचो ओरास". दोर्मीर्से म्हणजे झोप लागणे. "मे दोर्मी एन एल आउतोबुस", एसटीत झोप लागली. आपण 'एसटीत झोपलो' आणि 'एसटीत झोप लागली' ह्यात गल्लत करतो का कधी? नाही. पहिल्यात मी ठरवून झोपलो, दुसऱ्यात झोपेनं मला गाठलं आणि कराडला उतरायचं ते कोल्हापूरला उतरलो. ते जे 'मे' आहे ना ते म्हणजे आपलं 'लागली'. अजून ठसवून सांगायचं असेल, म्हणजे नको असताना लागली, तर "मे केदे दोर्मीदो". टीव्ही बघता बघता, पुस्तक वाचता वाचता डोळा लागला ते हे.

आकोस्तार्से म्हणजे आडवं होणे. झोप लागो न लागो. म्हणून "मे आकोस्ते आ लास दिएस पेरो मे दोर्मी आ ला उना" हे बरोबर वाक्य आहे, दहाला अंथरुणावर पडलो पण झोप लागली एकला. इंग्रजीतनं आलास की इथं अडखळतोस, मराठीतनं आलास की सरळ रस्ता.

दुपारचं लोळणं असेल तर एचार्से आहे. एचार म्हणजे टाकणे, फेकणे. "मे बोय आ एचार उन रातो", म्हणजे जरा अंग टाकतो. शब्दाला शब्द! आणि तुंबार्से आहे, तुंबार म्हणजे पाडणे, कलंडवणे, ते आपलं लवंडणं. सोफ्यावर लवंडला, "से तुंबो एन एल सोफा". हे दोन मला ज्या दिवशी कळले त्या दिवशी वाटलं की ह्या लोकांची कुणीतरी आजी आपल्या वाळव्याकडची असणार.

रूपं बघून घे, कारण परीक्षेत तिथंच मार्क जातात. दोर्मीरचा ओ वर्तमानकाळात फुटून उए होतो, दुएर्मो, दुएर्मेस, दुएर्मे, दुएर्मेन, पण 'आम्ही'ला फुटत नाही, दोर्मीमोस. आकोस्तारचंही तसंच, मे आकुएस्तो पण नोस आकोस्तामोस. जागं होणे म्हणजे देस्पेर्तार्से, तिथं ए चा इए होतो, मे देस्पिएर्तो. उठणे म्हणजे लेबान्तार्से, ते गरीब आहे, काही फुटत नाही. देस्पेर्तार्से डोळे उघडले की झालं, लेबान्तार्से पाय जमिनीला लागल्यावर. खरी खोडी भूतकाळात आहे. मी झोपलो दोर्मी, तू झोपलास दोर्मीस्ते, पण तो झोपला 'दोर्मियो' नाही, दुर्मियो. ते झोपले दुर्मिएरोन. आकोस्तारला ही खोडी नाही, आकोस्तो, कारण ते आर-वालं क्रियापद आहे आणि भूतकाळातला हा बदल फक्त ईर-वाल्यांत होतो. हे पाठच करावं लागतं, इथं मराठी काही कामाला येत नाही.

आणि हो, तुझे साहेब स्पेनचे ना, मग ते ओन्से नाही म्हणणार, ओन्थे म्हणतील. आबितासिओनचं आबिताथिओन. लॅटिन अमेरिकेत स, स्पेनच्या बहुतेक भागात थ.

नाइट_ड्युटी_मिरज · रात्री ९:३१

कृष्णाकाठ दादांनी छान सांगितलंय पण एका ठिकाणी आडवी येते. दोर्मीर्से म्हणजे झोप लागणे, मान्य, पण मग आज्ञा कशी करणार? मराठीत कुणाला 'झोप लाग' म्हणता येत नाही, झोप आपल्या हुकमात नाही हे आपल्या व्याकरणालाच माहितीये. स्पॅनिश आई मात्र पोराला सरळ म्हणते "दुएर्मेते या", म्हणजे झोप बघू आता गुपचूप, आणि ते दोर्मीर्सेच आहे. नाही झोपला तर कोको येईल. कोको म्हणजे त्यांचा बागुलबुवा. तेव्हा हे समीकरण नव्वद टक्के चालतं, बाकी दहा टक्क्यांत पोरं आणि बागुलबुवा.

माझी बहीण माद्रिदला दिलेली आहे, तिच्या सासूबाईंशी बोलता यावं म्हणून मी शिकले, त्यामुळं माझं स्पॅनिश सगळं घरगुती. पोराला निजवणे असेल तर दोन क्रियापदं आहेत. "आकोस्तार आल निन्यो" म्हणजे त्याला अंथरुणात घालायचं, पांघरूण द्यायचं. "दोर्मीर आल निन्यो" म्हणजे थोपटून थोपटून खरंच झोपवायचं. पहिलं दोन मिनिटांचं काम, दुसऱ्याला दीड तास, आया समजतील.

मी हॉस्पिटलला आहे, रात्रपाळी असते, म्हणून न झोपण्याचे शब्द मला जास्त जवळचे. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही ह्याला ते म्हणतात "नो पेगे ओखो एन तोदा ला नोचे". पेगार म्हणजे चिकटवणे, ओखो म्हणजे डोळा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फोनवरच ओरडले की अगं हे तर आपलंच आहे. तेच पेगार उलट्या बाजूनं पण येतं. सकाळी उठायला उशीर झाला तर "से मे आन पेगादो लास साबानास", चादरी मला चिकटल्या. दोष चादरीचा. ड्युटीवर उशिरा पोचल्यावर हे कारण मी मराठीत देऊन बघितलं, सिस्टरनी नुसतं घड्याळाकडं बघितलं.

अजून एक, पायाला मुंग्या येतात ना, त्याला ते म्हणतात "से मे आ दोर्मीदो एल पिए", माझा पाय झोपला. पण ती जी झिणझिण असते तिला शब्द आहे ओर्मिगेओ, आणि ओर्मिगा म्हणजे काय माहितीये? मुंगी! तिकडंपण मुंग्याच येतात.

आजारपणात अंथरूण धरलं म्हणतो आपण. ते म्हणतात "ग्वार्दार कामा", कामा म्हणजे पलंग, अंथरूण. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर हेच वापरायचं, दोर्मीर नाही. घोरणे रोंकार. भाऊजी रोंकतात, ही तक्रार मला दर रविवारी दोन भाषांत ऐकावी लागते.

बेदाणा_तासगाव · रात्री ९:५८

मी आपला शेतकरी माणूस, क्लास बिस काही नाही, पेरू आणि चिलीच्या द्राक्षबागांचे व्हिडिओ यूट्यूबवर बघता बघता जेवढं कानावर पडलं तेवढं. छाटणी बघायला गेलो आन भाषा पदरात पडली. तरी दोन शब्द माझ्याकडनं घ्या कारण ते आमच्या धंद्याचे हायेत.

एक माद्रुगार. पहाटं लवकर उठणे ह्या सगळ्याला मिळून एकच क्रियापद. आपल्याला 'भल्या पहाटे उठणे' असे तीन शब्द लागतात, त्यांचं एकात भागतं. आनि माद्रुगादा म्हणजे मध्यरात्रीनंतर ते उजाडेपर्यंतची वेळ. "लास त्रेस दे ला माद्रुगादा", पहाटेचे तीन. इंग्रजीत तीनला मॉर्निंग म्हणत्यात, कसली मॉर्निंग? आपण पहाटेचे तीन म्हणतो तेच खरं.

दुसरा त्रास्नोचार, रात्र जागून काढणे, जागरण. हे माझं आठवड्यातलं कायमचं. शेतीची लाइट पाळीपाळीनं दिवसा आन रात्री असती, रात्रीची पाळी आली की बॅटरी आन काठी घेऊन पाणी पाजायला जायचं, साप-किरडूची भीती वेगळीच. दिवसभर बागेत आन रात्री मोटरीजवळ. तवा माद्रुगार आन त्रास्नोचार दोन्ही एकाच माणसानं एकाच दिवशी कसं करायचं हे ज्याला बघायचं असंल त्यानं तासगावला यावं.

म्हणी पण हायेत. "आल के माद्रुगा दिओस लो आयुदा", लवकर उठणाऱ्याला देव मदत करतो. लगेच दुसरी हाय, "नो पोर मूचो माद्रुगार आमानेसे मास तेंप्रानो", तू कितीबी लवकर उठ, त्यानं दिवस लवकर उजाडत न्हाई. आपलं कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही, त्यांचं कोंबडं उठवून तांबडं लवकर फुटत नाही. आन झोपला तो संपला ह्याला त्यांच्याकडं "कामारोन के से दुएर्मे से लो येबा ला कोर्रिएन्ते", डुलकी लागलेली कोळंबी पाण्याबरोबर वाहत जाती. इथंबी बघा, 'से दुएर्मे', झोप लागली तिला, ठरवून झोपली नव्हती बिचारी.

निवृत्त_मास्तर_वाई · रात्री १०:२०

धागा वाचून राहवलं नाही. पवनचक्कीवाले, तुमचा सुएन्योचा प्रश्न सगळ्यांनी बाजूला ठेवलाय, तो मी घेतो.

सुएन्यो म्हणजे झोपही आणि स्वप्नही. लॅटिनमध्ये हे दोन वेगळे शब्द होते, सोम्नुस म्हणजे झोप आणि सोम्निउम म्हणजे स्वप्न. स्पॅनिश होता होता दोन्ही झिजून एकच झाले. आता गंमत अशी की लॅटिन सोम्नुस आणि आपला संस्कृत स्वप्न हे एकाच मूळ धातूचे, सख्खे चुलत भाऊ म्हणा. संस्कृतात स्वप्न म्हणजे आधी झोपच, स्वप् धातूचा अर्थच झोपणे, आणि झोपेत दिसतं तेही स्वप्न. म्हणजे सुएन्यो आज जे दोन अर्थ घेऊन फिरतोय ते दोन्ही संस्कृत स्वप्नातही होते. मराठीनं झोपेचा अर्थ सोडून दिला, फक्त दिसण्याचा ठेवला.

वापरायला सोपं आहे. "तेंगो सुएन्यो" म्हणजे मला झोप आलीय. मध्ये 'उन' घातलंत, "तेंगो उन सुएन्यो", तर मी एक स्वप्न उराशी बाळगून आहे असं होतं. एका शब्दानं माणूस पेंगुळलेला असतो तो थेट भाषणाला उभा राहतो. आणि "एस्तोय सुएन्यो" असं कधीही म्हणू नका, इंग्रजीच्या आय ॲम स्लीपीवरून पोरं हमखास करतात. आपल्या 'मला झोप येते'च्या चालीवर जायचं तर "मे एन्त्रा सुएन्यो" आहे, माझ्यात झोप शिरते. कंटाळवाण्या गोष्टीनं झोप येत असेल तर "मे दा सुएन्यो". माझ्या तासाला बरेच विद्यार्थी हे वाक्य मनात म्हणत असणार.

स्वप्न पडणे सोन्यार. त्याला 'कोन' लागतं, "सोन्ये कोन मी आबुएला", आजी स्वप्नात आली. इथं कोन लावायला हरकत नाही, आजी असली तरी. पवनचक्कीवाल्यांनी घाबरू नये.

सिएस्ता हा शब्द सगळ्यांना माहीत आहे पण तो आला कुठून? लॅटिन ओरा सेक्स्ता, म्हणजे सहावा तास. रोमन लोक सूर्योदयापासून तास मोजत, म्हणून सहावा तास म्हणजे मध्यान्ह. सेक्स्ता आणि आपली षष्ठी एकाच घरातल्या. तेव्हा दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या सगळ्या गावांनी, मी एकाच गावाचं नाव घेत नाही, आपण रोमन परंपरा चालवतोय असं खुशाल सांगावं.

आणि शेवटचं. आकोस्तार ह्या क्रियापदात 'कोस्ता' आहे, मूळ अर्थ बरगडी, कूस. आकोस्तार्से म्हणजे मुळात कुशीवर होणे. आता आपली वामकुक्षी आठवा. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. जेवून डाव्या कुशीवर पडायला सांगणारे आपले पूर्वज आणि हे, दोघांनी झोपेला नाव देताना पाठ, डोकं सगळं सोडून कूसच धरली.

कृष्णाकाठ_सांगली · रात्री १०:३१

मास्तर, दंडवत. कुशीचं मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

नाइट ड्युटी ताई, दुएर्मेते मान्य, दहा टक्के तुमचे.

एक राहिलं. फोन आला आणि घरातला माणूस झोपेत असेल तर आपण काय म्हणतो, 'झोपलाय तो'. झोपतोय म्हणत नाही. झोपतोय म्हणजे आत्ता अंथरूण घालतोय. म्हणून मराठी माणसाला "एस्ता दोर्मीदो" लगेच पटतं, झोपलेला आहे. "एस्ता दुर्मिएन्दो" पण चालतं, तिकडं सर्रास म्हणतात, पण त्याचं भाषांतर 'झोपतोय' करू नका, ते पण 'झोपलाय'च. आणि आपलं 'चल, झोपतो आता' हे असेल तर "मे बोय आ दोर्मीर" किंवा "मे बोय आ ला कामा". जागा आहे ह्याला "एस्तोय देस्पिएर्तो", देस्पेर्तादो नाही, ही चूक मी तोंडी परीक्षेत केली होती.

वाकळवाली_खानापूर · रात्री १०:४०

मी नुसतं वाचायला आले होते. मला स्पॅनिशचं फार येत नाही पण आम्ही वाकळा शिवून विकतो आणि एकदा परदेशी गिऱ्हाइकासाठी नाव शोधत होते तेव्हा "कोल्चा दे रेतासोस" सापडलं. रेतासोस म्हणजे कापडाचे तुकडे, चिंध्या. पांघरुणाला मात्र देशोदेशी वेगळं नाव, स्पेनमध्ये मांता, मेक्सिकोत कोबीखा, अर्जेंटिना-पेरूकडं फ्रासादा. उशी आल्मोआदा, हा शब्द अरबीतनं गेलाय, त्यात गालाचा शब्द आहे म्हणे, जिच्यावर गाल टेकायचा ती. आणि ताई वर साबाना म्हणाल्या त्यात जोर पहिल्या सा वर द्या, मधल्या बा वर दिला तर गवताळ माळरान होतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तर त्यांच्याकडं जुनं आहे, "नादिए तिएन्दा मास ला पिएर्ना दे कुआन्तो फुएरे लार्गा ला साबाना", चादर जेवढी लांब त्याहून पाय कुणी लांब करू नये. गरिबी सगळीकडं सारखीच चादर विणते.

पवनचक्कीवाला_सातारा · रात्री १०:५८

अरे बाप रे, मी जेवून येईपर्यंत एवढं सगळं. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि मी काय बोललो ते आता कळलं, उद्या कुठल्या तोंडानं मीटिंगला बसायचं ते बघतो. तीन सहकाऱ्यांपैकी एकाला अजून सांगितलेलं नाही.

आता एक प्रयत्न करतो, तपासा. काल खरंच असं झालं होतं. "आयेर त्राबाखे आस्ता तार्दे. मे आकोस्ते आ लास दोसे पेरो नो पेगे ओखो पोर एल बिएन्तो. आ लास त्रेस दे ला माद्रुगादा मे केदे दोर्मीदो ई ओय से मे आन पेगादो लास साबानास." काल उशिरापर्यंत काम केलं, बाराला आडवा झालो पण वाऱ्यानं डोळ्याला डोळा लागला नाही, पहाटे तीनला झोप लागली आणि आज चादरी चिकटल्या. पवनचक्कीवाल्यानं वाऱ्याची तक्रार करावी का हा वेगळा प्रश्न, पण पत्र्याचा आवाज ऐकला नाही तुम्ही.

नाइट_ड्युटी_मिरज · रात्री ११:०६

शाब्बास. एकच गडबड आहे. नो पेगे ओखो म्हटलंत म्हणजे रात्रभर डोळा लागलाच नाही, मग तीनला झोप कशी लागली? "नो पेगे ओखो आस्ता लास त्रेस" म्हणा, तीनपर्यंत. मग पुढचं मे केदे दोर्मीदो काढून टाकलंत तरी चालेल. बाकी मे आकोस्तेच्या पुढं ह्या वेळी कुणी माणूस नाही हे बघून बरं वाटलं.

कृष्णाकाठ_सांगली · रात्री ११:१०

आणि आत्ता साहेबांना मेसेज टाकणार असशील तर बुएनास नोचेस, म्हणजे शुभ रात्री, लिहू नको. आपले अकरा वाजलेत पण त्यांच्याकडं आत्ता उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. त्यांचं जेवण नऊ-दहाला. बुएनास तार्देस, म्हणजे शुभ संध्याकाळ, लिही. निरोप घेताना 'के देस्कान्सेस', म्हणजे नीट आराम कर, हे ते तुला म्हणतील, तू त्यांना म्हणू नको, त्यांची अजून संध्याकाळ चाललीय.

पवनचक्कीवाला_सातारा · रात्री ११:२४

टाकला. उत्तर आलं, "मूचो मेखोर. ई लोस त्रेस कोम्पान्येरोस?" म्हणजे आता खूपच बरं, आणि ते तीन सहकारी?

हे आता आयुष्यभर चालणार बहुतेक. मे काय्गो दे सुएन्यो, म्हणजे झोपेनं पडायला आलोय, हे आजच शोधून काढलं, बरोबर आहे ना? झोपतो.

बेदाणा_तासगाव · रात्री ११:३१

बरोबर हाय. चला, लाइट आली, मोटर चालू करायची. मे लेबान्तो.

नाइट_ड्युटी_मिरज · रात्री ११:३३

अहो काका, झोपलाच नव्हता तर लेबान्तो कसलं?

बेदाणा_तासगाव · रात्री ११:३४

खाटंवर आडवा होऊन टायपत होतो की ताई. एस्ताबा आकोस्तादो, नो दोर्मीदो.